डेव्हिड ज्युलियस यांचं आयन चॅनलवरचं काम आणि त्याची सायटेशन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी आणि पीएचडीची मुलं सायटेशनबद्दल, म्हणजे एका पेपरने दुसऱ्या पेपरचा दिलेल्या संदर्भाबद्दल, तेच तेच प्रश्न विचारतात, आणि नुसत्या व्याख्या सांगून कुणाचं समाधान होत नाही असा अनुभव आहे. म्हणून एकच शास्त्रज्ञ, डेव्हिड ज्युलियस, धरून बोलूया. माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा किती हे बघून थांबू नका, कोण साइट करतंय आणि कशासाठी करतंय ते उघडून बघा, कारण कामाचा परिणाम तिथे दिसतो.

आयन चॅनल म्हणजे काय, दोन ओळीत सांगा ना?

पेशीच्या पडद्यात बसलेलं प्रथिन, ज्याच्या मधोमध दार असतं. दार उघडलं की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे विद्युतभार असलेले कण आत-बाहेर होतात. काही दारं व्होल्टेज बदलल्यावर उघडतात, काही एखादं रसायन चिकटल्यावर, काही उष्णतेने, काही दाबाने. हृदयाचे ठोके, वेदना, स्पर्श, मेंदूतले सिग्नल, सगळं यांच्यावर चालतं.

ज्युलियसच का? दुसरं कुणी का नाही?

कारण त्यांच्या कामात सायटेशनचे जवळजवळ सगळे प्रकार सापडतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांची लॅब आहे, २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं, तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या रिसेप्टर्सच्या, म्हणजे संवेदना पकडणाऱ्या प्रथिनांच्या, शोधासाठी. आणि त्यांच्या १९९७ च्या गाजलेल्या पेपरमधला शोध मिरचीतून लागला, त्यामुळे आपल्या मुलांना तो समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत.

१९९७ च्या त्या पेपरमध्ये नक्की केलं काय होतं?

हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी सायटेशन्स इथून सुरू होतात.

मिरचीत कॅप्सेसिन असतं, त्याने आग होते, हे आधीपासून माहीत होतं. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी, विशेषतः यान्चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कॅप्सेसिनने वेदनेच्या नसा आधी चेतवल्या जातात आणि मग सुस्त होतात हे कित्येक वर्षं आधी दाखवलं होतं. पण कॅप्सेसिन नेमकं कुठल्या प्रथिनावर बसतं ते कुणालाच सापडत नव्हतं, आणि असं एक ठरावीक प्रथिन खरंच असतं का यावरसुद्धा शंका घेणारे लोक होते.

ज्युलियस यांच्या लॅबमध्ये तेव्हा मायकेल कॅटरिना पोस्टडॉक होते, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करत होते. त्यांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या मणक्याजवळच्या संवेदी गँग्लियातून (नसांच्या पेशींच्या गाठी) जनुकांची लायब्ररी बनवली, म्हणजे त्या नसांमध्ये चालू असलेल्या जनुकांच्या प्रती. मग या प्रतींचे सुमारे १६,००० चे एकेक गट करून ते एचईके २९३ नावाच्या पेशींमध्ये घातले, ज्या पेशींना एरवी कॅप्सेसिनचं काही सोयरसुतक नसतं. पेशींमध्ये फ्युरा-२ हा डाय भरला, त्याचं चमकणं कॅल्शियम आत शिरलं की बदलतं. वर कॅप्सेसिन टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं, कुठली पेशी चमकते का. एका गटात अगदी थोड्या पेशी चमकल्या. तो गट फोडून छोटे गट केले, परत बघितलं, परत फोडले, असं करत करत शेवटी एक जनुक हाताला लागलं.

त्या जनुकाचं चॅनल (आज त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात) कॅप्सेसिनने उघडतं हे तर दिसलंच, पण त्यांनी पेशींना नुसती उष्णता दिली तरी ते उघडलं, साधारण ४३ अंशांच्या वर, म्हणजे आपल्याला चटका लागायला सुरुवात होते तिथे. वेगवेगळ्या मिरच्यांचे अर्कही त्यांनी लावून बघितले, हाबानेरोपासून पोब्लानोपर्यंत, आणि ज्या मिरचीचा तिखटपणा जास्त तिचा प्रतिसाद मोठा आला. (आपल्या लवंगी मिरचीतही हेच कॅप्सेसिन.) तिखट आणि भाजणं शरीराला सारखं का वाटतं याचं उत्तर एका चॅनलमध्ये मिळालं. पेपर ऑक्टोबर १९९७ मध्ये नेचर या जर्नलमध्ये आला.

या पेपरला किती सायटेशन्स आहेत?

हजारोंच्या घरात, आणि रोज वाढतायत, त्यामुळे इथे आकडा लिहिला तर तुम्ही वाचेपर्यंत शिळा होईल. गूगल स्कॉलरवर पेपरचं नाव टाका, खाली "साइटेड बाय" समोर दिसेल. तो आकडा कशाने बनलाय हे मात्र तिथे दिसत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे.

गूगल स्कॉलर एक आकडा दाखवतं, वेब ऑफ सायन्स दुसरा, स्कोपस तिसरा. खरा कुठला?

तिन्ही खरे, मोजण्याची पद्धत वेगळी. गूगल स्कॉलर थिसिस, पुस्तकं, प्रीप्रिंट, कॉन्फरन्सचे कागद सगळं धरतं म्हणून त्याचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा असतो. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक जर्नल्सच मोजतात. म्हणून दोन शास्त्रज्ञांची तुलना करायचीच असेल तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे आणि एकाच दिवशी काढलेले घ्या. रेझ्युमेमध्ये लिहिताना कुठला डेटाबेस आणि कुठल्या तारखेचा आकडा ते पण लिहा, फार कमी लोक लिहितात.

हा पेपर साइट कोण करतं? सगळे वेदनेवर काम करणारेच ना?

नाही! मला या विषयात सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

वेदनेवर काम करणारे आहेतच, संधिवात, नसांचं दुखणं, कॅन्सरमधलं दुखणं, सूज. त्यांच्या पेपरच्या पहिल्या परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य असतं की टीआरपीव्ही१ हे कॅप्सेसिन, उष्णता आणि आम्लाने उघडणारं चॅनल आहे, आणि पुढे १९९७ चा पेपर. (आम्लाचा भाग १९९८ मध्ये न्यूरॉन जर्नलमध्ये तोमिनागा आणि मंडळींनी जास्त नीट मांडला, तेव्हा बरेच जण दोन्ही साइट करतात.) हे सायटेशन म्हणजे ओळख करून देताना घेतलेलं नाव, त्यात चूक काही नाही, पण त्या पेपरच्या डेटाचा किंवा पद्धतीचा प्रत्यक्ष वापर तिथे झालेला नसतो.

दुसरा गट खरंच त्याच्यावर पुढे बांधणारा. ज्युलियस यांच्याच लॅबने २००२ मध्ये दाखवलं की कोंबडीचं हेच चॅनल उष्णतेने उघडतं पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. पक्षी मिरच्या खाऊन बिया लांब नेऊन टाकतात आणि सस्तन प्राणी त्या टाळतात, याचं स्पष्टीकरण त्यातून मिळतं, म्हणून वनस्पती आणि पर्यावरणावर काम करणारी माणसंसुद्धा या कामाकडे येतात. २०११ मध्ये रक्त पिणाऱ्या वटवाघळांवर पेपर आला, त्यांच्या नाकाजवळच्या नसांमध्ये याच चॅनलचं जरा छोटं रूप असतं जे कमी तापमानाला उघडतं, त्यामुळे सावजाच्या अंगातली ऊब त्यांना कळते. मिरचीतून निघालेलं काम वटवाघळांच्या शिकारीपर्यंत पोचलं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

तिसरा गट प्रथिनांची रचना बघणाऱ्यांचा. डिसेंबर २०१३ मध्ये ज्युलियस आणि यिफान चेंग यांच्या लॅब्सनी मिळून टीआरपीव्ही१ ची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (प्रथिन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघण्याची पद्धत) ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे जवळजवळ अणूंच्या पातळीवर, काढून दाखवली, नेचरच्या एकाच अंकात दोन पेपर. पडद्यातलं प्रथिन, स्फटिक न बनवता, एवढ्या बारकाईने दिसणं तेव्हा मोठी गोष्ट होती. ते पेपर साइट करणाऱ्या कितीतरी लोकांना वेदनेशी काही देणंघेणं नाही, त्यांना पद्धत दाखवायची असते. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीलाच गेलं.

चौथा गट म्हणजे चित्र बदलणारे. टीआरपीव्ही१ काढून टाकलेले उंदीर २००० मध्ये तयार झाले, कॅप्सेसिनला ते दाद देत नाहीत, पण उष्णता त्यांना बऱ्यापैकी कळतच होती. म्हणजे आणखी कुणीतरी मदतीला आहे. २०१८ मध्ये नेचरमध्ये आलं की टीआरपीव्ही१, टीआरपीएम३ आणि टीआरपीए१ अशी तीन चॅनल्स मिळून हे काम करतात, तिन्ही काढली तरच चटक्याची चटकन येणारी प्रतिक्रिया जाते. हे लोकही १९९७ चा पेपर साइट करतात, आणि आकड्यात त्यांचं सायटेशन आणि ओळख करून देणाऱ्याचं सायटेशन एकाच वजनाचं धरलं जातं. आकड्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

सगळ्यात जास्त सायटेशन्स मोठ्या शोधांनाच मिळतात का?

नाही, ती पद्धतींना मिळतात. नेचरने २०१४ मध्ये सर्वाधिक साइट झालेल्या शंभर पेपर्सची यादी काढली, त्यात पहिला होता लाउरी यांचा १९५१ चा प्रथिन मोजण्याच्या पद्धतीचा पेपर, ३ लाखांवर सायटेशन्स. यादीत शिरायलाच १२,११९ सायटेशन्स लागत होती. डीएनएची दुहेरी रचना सांगणारा पेपर त्या यादीत नाही.

आता वर आलेला फ्युरा-२ आठवा. तो डाय रॉजर त्सिएन यांच्या लॅबने १९८५ मध्ये दिला, आणि त्या पेपरचा आकडा ज्युलियस यांच्या १९९७ च्या पेपरपेक्षा बराच मोठा आहे, कारण कॅल्शियम मोजणारा प्रत्येक जण तो साइट करतो.

आयन चॅनलच्या क्षेत्रात पॅच क्लॅम्पची, म्हणजे बारीक काचेची नळी पडद्याला चिकटवून चॅनलमधला करंट मोजण्याच्या पद्धतीची, गोष्ट तशीच. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूत एकट्या चॅनलमधून वाहणारा करंट पहिल्यांदा मोजून दाखवला, नेचरमध्ये. शोध म्हणून तो पेपर मोठा. पण लोक जो धडाधड साइट करतात तो १९८१ चा, हॅमिल, मार्टी, नेहर, साकमान आणि सिगवर्थ यांचा, फ्लूगर्स आर्काइव्हमधला. त्यात काचेचं पिपेट कसं ओढायचं, टोक आगीवर कसं गुळगुळीत करायचं, थोडं सक्शन देऊन पडद्याशी गिगाओहमची (करंट गळणार नाही इतकी घट्ट) सील कशी धरायची, अँप्लिफायरचं सर्किट कसं असावं, सगळं लिहून ठेवलंय. दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला उद्या सकाळी बसून करता येईल असं लिहिलंय. दोघांना नोबेल १९९१ मध्ये मिळालं. तुम्ही स्वतः एखादी पद्धत बसवली असेल तर ती अशी मोकळेपणाने, बारीकसारीक सगळं सांगून लिहा, विज्ञानाची ती फार मोठी सेवा आहे.

सायटेशन बघून नोबेल कुणाला मिळणार ते सांगता येतं का?

थोडंफार. थॉमसन रॉयटर्स, आता क्लॅरिव्हेट, दरवर्षी सायटेशन्सचा अभ्यास करून नोबेलच्या तोडीच्या शास्त्रज्ञांची नावं जाहीर करते. त्यात ज्युलियस यांचं नाव २०१४ मध्ये आलं होतं आणि नोबेल मिळालं २०२१ मध्ये. सात वर्षांचं अंतर. पण त्या यादीतल्या कित्येकांना कधीच मिळत नाही, आणि ज्यांना मिळतं त्यांचं वेळापत्रक सारखं नसतं. रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियम चॅनलची रचना एप्रिल १९९८ मध्ये सायन्समध्ये दिली आणि २००३ मध्ये नोबेल, फक्त पाच वर्षं! पटापूटियन यांचा पिएझो या दाबाने उघडणाऱ्या चॅनलचा पेपर २०१० चा. त्यात त्यांनी दाबाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी घेऊन ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करून बघितली आणि जी हवी होती ती यादीत अगदी शेवटची निघाली. बर्त्राँ कॉस्त या पोस्टडॉकने ७१ वेळा काहीच न मिळता पुढचं करून बघितलं, हे कुठल्याही इंडेक्समध्ये येत नाही.

एच-इंडेक्स काय भानगड आहे?

होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं माप. तुमचे ४० पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान ४० सायटेशन्स आहेत, तर तुमचा एच-इंडेक्स ४०. तो कधी कमी होत नाही, त्यामुळे वय वाढलं की वाढतोच. आणि एखादा पेपर १०० वेळा साइट झाला की ५,००० वेळा, एच-इंडेक्सला फरक पडत नाही. म्हणजे १९९७ चा जो पेपर ज्युलियस यांची ओळख आहे तो त्यांच्या एच-इंडेक्समध्ये जेमतेम एकाने भर घालतो. तरुण पोस्टडॉकची आणि तीस वर्षं लॅब चालवणाऱ्याची तुलना या आकड्यावर करणं अन्यायाचं आहे, निवड समित्यांनी हे थांबवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एकाच वेळी दोन लॅब्सनी एकच गोष्ट शोधली तर सायटेशन कुणाला?

दोघांना, लोक प्रामाणिक असले तर. थंडी आणि मेंथॉल ओळखणारं टीआरपीएम८ हे चॅनल २००२ मध्ये ज्युलियस यांच्या लॅबने नेचरमध्ये आणि पटापूटियन यांच्या लॅबने सेलमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिलं. बहुतेक जण दोन्ही एकत्र साइट करतात आणि तसंच करावं. एकच साइट केलेला पेपर दिसला तर लिहिणाऱ्याने मूळ वाचलाय की दुसऱ्याची यादी उचललीय अशी शंका घ्यायला जागा आहे.

चॅनलचं नाव बदललं की सायटेशनवर फरक पडतो का?

सायटेशनवर नाही, शोधण्यावर पडतो. १९९७ च्या पेपरमध्ये याचं नाव व्हीआर१ होतं, टीआरपीव्ही१ नंतर ठरलं. टीआरपीए१ आधी अँक्टीएम१ होतं. मोहरी आणि वसाबीच्या झिणझिण्या ज्या चॅनलने येतात ते हे, ज्युलियस यांच्या लॅबचा त्यावरचा पेपर २००४ चा. रिव्ह्यू लिहिताना जुन्या नावानेही सर्च मारा, नाहीतर सुरुवातीची महत्त्वाची वर्षं हातातून निसटतील.

एवढी हजारो सायटेशन्स आहेत, मग वेदनेवर गोळी का आली नाही?

प्रश्न रास्त आहे आणि टाळू नये. पेपर आल्यावर कितीतरी औषध कंपन्या टीआरपीव्ही१ बंद करणारी औषधं बनवायला धावल्या. मग माणसांवरच्या चाचण्यांमध्ये कळलं की चॅनल बंद केलं की अंगाचं तापमान वाढतं, एएमजी ५१७ या औषधाच्या चाचणीत काहींचा ताप ३९-४० अंशांपर्यंत गेला. शिवाय चटका कळेनासा होण्याचा धोका. म्हणजे हे चॅनल शरीराचं तापमान सांभाळण्यातही भाग घेतं, आणि ते आपल्याला ही औषधं फसल्यामुळे जास्त नीट कळलं. उलट्या बाजूने मात्र एक गोष्ट बाजारात आली, ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच, अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यासाठी मंजूर झाला. चॅनल इतकं चेतवायचं की नसेची टोकं सुस्त पडतात.

फसलेल्या चाचण्यांचे पेपरही मूळ पेपरला साइट करतात. सायटेशन म्हणजे यश असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खूप जुन्या आणि खूप थोर कामाची सायटेशन्स कधीकधी कमी का वाटतात?

कारण ते पाठ्यपुस्तकात गेलेलं असतं. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या जाड नसेवर मोजमापं करून नसेतला सिग्नल कसा चालतो त्याची समीकरणं दिली, आणि ती सोडवायला हक्स्ली यांनी हाताने फिरवायचं गणनयंत्र वापरलं कारण केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा बंद होता. तो पेपर आजही भरपूर साइट होतो, पण त्याहून कितीतरी जास्त ठिकाणी नुसतं "हॉजकिन-हक्स्ली मॉडेल" असं लिहून लोक पुढे जातात, संदर्भ देतच नाहीत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने याबद्दल लिहिलंय, की काम इतकं अंगवळणी पडतं की मूळ माणसाचा उल्लेख गळून जातो.

आपल्याकडे या विषयात काही काम झालंय का?

झालंय, आणि ते मुलांना माहीत नसतं याचं वाईट वाटतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा फळमाश्यांवर काम केलं ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि थंड केल्यावर परत उठतात, १९७६ चा पेपर आहे. अशा माश्यांमधलं पॅरा हे जनुक सोडियम चॅनलचं आहे हे १९८९ मध्ये कळलं. त्या कामाचं वजन सायटेशनच्या आकड्यावरून कळणार नाही, त्या विभागातून पुढे किती माणसं घडली ते बघावं लागेल. टीआरपीव्ही१ ज्यातलं आहे त्या टीआरपी चॅनल्सच्या घराण्याची सुरुवातसुद्धा फळमाशीच्या डोळ्यातूनच झाली.

पीएचडीसाठी गाइड निवडताना सायटेशन बघू का?

बघा, पण असं. गाइडचे गेल्या पाच-सहा वर्षांतले दोन-तीन पेपर घ्या, त्यांना साइट करणारे दहा पेपर उघडा, आणि प्रत्येकात सायटेशन कुठे आलंय ते शोधा. प्रस्तावनेत आलंय, पद्धतीत आलंय की निकालांच्या चर्चेत? पद्धतीत किंवा चर्चेत असेल तर कुणीतरी ते काम खरंच वापरलंय. दहापैकी आठ त्याच लॅबचे स्वतःचेच असतील तर विचार करा. पहिल्या नावावर कोण आहे तेही बघा, विद्यार्थ्यांना पहिलं नाव मिळतंय का. कॅटरिना यांचं नाव १९९७ च्या पेपरवर पहिलं आहे आणि पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांची स्वतःची लॅब झाली.

एका दुपारचं काम आहे, नुसता एच-इंडेक्स बघून पाच वर्षं कुणाच्या हाती देण्यापेक्षा परवडतं. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डोरा नावाचा जाहीरनामा तयार झाला, माणसाचं काम जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) जोखू नका असं त्यात म्हटलंय. कुठे अर्ज करताना त्या संस्थेने डोरावर सही केलीय का तेवढं बघून घ्या.

ज्युलियस यांचे पेपर वाचायचे तर सुरुवात कुठून करू?

१९९७ च्या पेपरच्या आकृत्यांपासून. आधी आकृत्या, मग त्यांच्या खालचा मजकूर, मग निकाल. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालेल. नंतर २००२ चा मेंथॉलचा पेपर घ्या, कारण तिथे तोच प्रयोग नव्या प्रश्नाला लावलाय. २०१३ चे रचनेचे पेपर तिसऱ्या नंबरला, त्यासाठी बायोफिजिक्स येणारं कुणीतरी शेजारी असेल तर उत्तम.